ऐकल्याशिवाय फोडायचं नाही

विश्वकर्मा, सोमवार

“बिना सुण्याँ तोड़ दियो!”

आरोळी अशी, की माझ्या हातातला हातोडा सुटला. तो नेमका दत्ताच्या पायावर पडला आणि मग दुसरी आरोळी दत्ताची. दत्ता म्हणजे माझा धाकटा भाऊ. पहिली आरोळी ठोकणारी बाई मात्र मी जन्मात पाहिली नव्हती. साठीच्या पुढची, वाळक्या शेंगेसारखी, डोक्यावर पिवळी ओढणी. तिनं मला बाजूला सारलं, उकिडवी बसली आणि मी नुकताच फोडलेला टेलिफोनचा रिसीव्हर उचलला. त्याचे तीन तुकडे झाले होते. तिन्ही तुकडे तिनं एकेक करून कानाला लावले. शेवटच्या तुकड्यापाशी ती इतका वेळ थांबली, की मलाही वाटलं, आता हा काहीतरी बोलणार.

मग तिनं तुकडे माझ्या पुढ्यात ठेवले. “गयो,” एवढंच म्हणाली आणि पाठ फिरवून बसली.

जयपुरात उतरून मला जेमतेम दोन तास झाले होते. दत्तानं मला स्टेशनवरून घरी न नेता थेट कारखान्यात आणलं, कारण त्याला भट्टी दाखवायची घाई आणि मला बघायची. आम्ही विट्याकडची माणसं. भारतात जिथं जिथं सराफकट्टा आहे तिथं मागच्या बोळात आमच्याकडचा एक तरी गलाईवाला घाम पुसत बसलेला असतो. नसला तर तो गावाला जत्रेला गेलाय असं समजावं. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून चोख करायचा धंदा. मी स्वतः लग्नानंतरची तीस वर्षं कोइमतुरात भट्टीशेजारी काढली. गलाईवाल्याच्या घरात काही टाकून देत नाहीत. कारागिराच्या बुडाखालचं पोतं, हात पुसायचा फडका, केरसुणी, सगळं जाळायचं आणि राखेतनं सोनं काढायचं. आमच्या ह्यांचं एक उपरणं जाळलं, त्यात माझ्या नाकातली चमकी झाली. मिश्याही मागितल्या होत्या मी, पण ते तयार झाले नाहीत.

दत्ता आधी जौहरी बाजाराच्या मागं सोनारांची धूळ गाळायचा. आता सीकर रस्त्यावर विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात त्याची पत्र्याची मोठी शेड आहे, धूर धुवायचं यंत्र आहे, भिंतीवर परवाने फ्रेम करून लावलेत, आणि माल येतो तो फौजेनं मोडीत काढलेल्या यंत्रांचा. लिलावात गाडीभर माल घ्यायचा, फोडायचा आणि आतल्या पिना, जोडण्या, वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पट्ट्या वेगळ्या करायच्या. फौजेच्या यंत्राला बर्फात, वाळवंटात कुठंही गंज चढून चालत नाही, म्हणून त्या बारक्या बारक्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, आणि तोही तुमच्या-आमच्या मोबाइलसारखा कंजूष नव्हे, चांगला जाड. कुठं चांदी, कुठं त्याहून भारी धातू.

शेडच्या मधोमध त्या खेपेला रिसीव्हरांचा ढीग होता. हिरवे, काळे, राखाडी. हजारो म्हणाले तर दत्ता म्हणेल अक्का वाढवून सांगते, म्हणून मी लाखोच म्हणते. कुणी चोळून गुळगुळीत केलेले, कुणाच्या जाळीत तंबाखूचा कण, एकात लोकरीचा धागा. एकावर खिळ्यानं कोरलेलं, ‘छुट्टी १४ दिन’. बाहेर वैशाखाचं ऊन इतकं, की दारातल्या कुत्र्यानं स्वतःची सावलीसुद्धा पोटाखाली ओढून घेतली होती. मधेच वाऱ्याची झुळूक आली आणि ढिगातनं आवाज उठला. शंख कानाला लावल्यावर येतो तसा, पण लाख शंखांचा. शब्दाच्या अगदी तोंडाशी येऊन थांबलेला. माझ्या हातावर काटा आला. असल्या उन्हात काटा.

अशा ढिगापुढं हातोडा पडलेला दिसला आणि मी म्हटलं, भावाला हातभार लावावा. म्हणून तो एक रिसीव्हर फोडला. बाकी तुम्ही वाचलंच.

दत्ता पाय चोळत म्हणाला, “अक्का, ती भंवरी. इथं फोडायच्या आधी प्रत्येक नग कानाला लावतात.”

“कशाला?”

“आत कुणाचं काही सांगायचं राहिलं असेल तर ते ऐकून घ्यायचं. मग फोडायचं.”

मी हसले. दत्ता हसला नाही. आधी हे फक्त भंवरी करायची, आता शेडमधली सगळीच करतात, म्हणाला. बाकीचे दिवसाला दोनशे नग काढतात, भंवरी साठ काढते. पण पाच वर्षांत एक पिन इकडची तिकडं नाही, आणि मुलामा सोन्याचा की नुसतं पितळ हे ती तळहातावर तोलून सांगते. तूही ऐकतोस का, असं मी त्याला विचारलं. मला बाकीची कामं असतात, असं म्हणून तो भट्टीकडं बघायला लागला.

जगतपुरा, त्याच संध्याकाळी

दत्ताचं बिऱ्हाड जगतपुऱ्यात, सातव्या मजल्यावर. वैशालीनं, म्हणजे दत्ताच्या बायकोनं, माझ्यासाठी दाल-बाटी केली होती. बाटी म्हणजे कणकेचा निखाऱ्यावर भाजलेला गोळा. पहिली मी सुरीनं कापायला गेले तर ती ताटातनं उडून हॉलमध्ये गेली. तुपात बुडवून कुस्करायची असते म्हणे. आपण भाकरीवर तूप लावतो, ही माणसं तुपावर बाटी लावतात. चार खाल्ल्यावर मला उठवायला सोसायटीचा वॉचमन बोलवायला लागला.

जेवताना भंवरीचा विषय निघाला, आणि वैशालीनं वाढायचं थांबवून तो सगळा सांगितला.

भंवरीचा एकच मुलगा, हेमराज. फौजेत संदेशवहनात होता. सुट्टीवर आला की आईला सांगायचा, चौकीवर असला टेलिफोन असतो, त्यात मी दिवसभर बोलतो. सहा वर्षांपूर्वी वर उत्तरेत बर्फाचा कडा कोसळला, त्यात तो गेला. देह मिळाला नाही. फौजेची माणसं घरी आली, कागद आले, झेंडा आला, मान आला. भंवरीनं सगळं हात जोडून घेतलं. फक्त म्हणाली, हे तुम्ही सांगताय, त्यानं कुठं सांगितलंय? वर्षभरानं तिला कळलं, की फौजेचे जुने टेलिफोन जयपुरात फोडायला येतात. तेव्हापासनं ती इथं. शेडच्या मागं एक खोली घेऊन राहते आणि सुट्टीला बगरूला घरी जाते.

“आणि घरी सून आहे, वन्सं,” वैशाली म्हणाली. “संतोष. तिशीचीसुद्धा नाही. तिला एक चांगलं घर सांगून आलंय तीन वर्षांपासून. पण भंवरी हो म्हणत नाही. तो बोलला की मग, म्हणते. आणि सून तिच्या शब्दाशिवाय उंबरा ओलांडत नाही.”

इकडं नवरा गेलेल्या बाईनं दुसरं घर करायला नाता म्हणतात. आपल्याकडं पाट लावतात तसंच. आमच्या आजीच्या बहिणीचा लावला होता, त्यामुळं मला त्यात नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं, की एका जित्याजागत्या पोरीचा पाट लाखभर मुक्या रिसीव्हरांपाशी अडलाय. आणि दत्ता म्हणाला, असला माल आता येत नाही. जुने टेलिफोन संपले. हा शेवटचा ढीग.

विश्वकर्मा, मंगळवार

भंवरीनं मला माफ केलं ते दुपारच्या डब्याला. मी तिच्यापुढं विट्याहून आणलेली शेंगांची चटणी ठेवली, तिनं माझ्यापुढं कैरीचं लोणचं. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ओळख झाली.

मग मी गोष्ट सुरू केली. कोइमतुरात एका चोरानं सोन्याची लगड गिळली आणि आमच्या ह्यांनी त्याला आठ दिवस घरी जेवू घालून, विडा देऊन, ती कशी परत मिळवली, ती. आमच्याकडं ही गोष्ट सांगायला लागलं की दुसऱ्या वाक्याला कुणीतरी म्हणतं, काहीतरीच. भंवरीनं तसं केलं नाही. माझं वाक्य संपलं की ती हातातलं काम न थांबवता म्हणे, “हूँ.” पुढचं संपलं की पुन्हा “हूँ”. जणू विहिरीत बादली सोडावी आणि प्रत्येक हाताला खालनं कुणीतरी दोर धरून असावं. शेजारचा एक म्हातारा कामगार मला म्हणाला, इकडची म्हणच आहे, फौज में नगारो, बात में हुंकारो. फौजेला नगारा लागतो, तसा गोष्टीला हुंकार. मी इतकी फुलले, की एका चोराचे चार चोर झाले आणि एका लगडीच्या सोळा.

गोष्ट संपल्यावर तिनं पुढचा रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि तस्संच म्हणाली, “हूँ.” मग फोडला.

माझ्या गोष्टीला जो हुंकार, तोच त्यालाही. हे मला आवडलं नाही. म्हणजे, नेमकं काय आवडलं नाही ते तेव्हा कळलं नाही.

त्या दुपारी दत्तानं मला तेजाबाची टाकी दाखवली. पिनांचं टोपलं त्यात उतरवलं की नारिंगी धूर उठतो आणि यंत्र तो गिळून टाकतं. आतलं तांबं-पितळ विरघळून हिरवं पाणी होतं. सोन्याला तेजाब लागत नाही, त्यामुळं पिन नाहीशी होते आणि पिनेच्या अंगावरची सोन्याची कात तेवढी पाण्यात तरंगत राहते, आत काही नसलेली, पण आकार तसाच. हजारो पोकळ पिना. सापानं कात टाकावी तशी यंत्रानं टाकलेली. आमच्या वेळी दागिना वितळायचा तेव्हा तो दिसायचा बंद व्हायचा. हे उलटंच होतं. जिनसा गेल्या होत्या आणि त्यांची कातडी आमच्याकडं बघत होती.

बगरू, बुधवार

बगरूला मी आणि वैशाली चादरी घ्यायला गेलो. भंवरीनं सुनेसाठी माझ्याकडं एक पुडकं दिलं होतं.

बगरू म्हणजे लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्यांचं गाव. आवारात शिरलं की आधी कान भरतात. ठप, ठप, ठप. ठसा कापडावर टेकवायचा आणि वरनं मुठीचा दणका. मीही एक मारला. तो चादरीऐवजी माझ्याच पदरावर उठला, आणि आता गावात मी सांगते की मुद्दाम छापून घेतला. काळा रंग ही माणसं कशाचा करतात, ठाऊक आहे? गंजकं लोखंड आणि गूळ माठात घालून आठ-पंधरा दिवस कुजवायचं. गूळ गोड, लोखंड कडक, आणि निघतो तो काजळीसारखा काळा. त्या माठात मी वाकून पाहिलं. पाणी इतकं काळं, की माझं तोंडही दिसेना.

संतोष त्याच माठांपाशी काम करत होती. उंच, रुंद हाडाची, कोपरापर्यंत काळे हात. पुडक्यात तिच्यासाठी बांगड्या होत्या. तिनं त्या काळ्या हातात चढवून बघितल्या आणि उतरवून परत गुंडाळून ठेवल्या. मी म्हटलं, घालायच्यात की. तर म्हणाली, रंग लागेल.

लांब कापडं वाळत घालणारा एक माणूस तिकडं न बघण्याचा फार प्रयत्न करत होता. माझ्यासारख्या बाईला एवढं पुरतं. तोच तो, मी वैशालीला म्हटलं. तोच होता. बायको वारलेली, एक लहान मुलगी पदरी. तिकडच्या ओट्यावर संतोषनं त्या मुलीची वेणी घालून दिली तेव्हा हाताचा काळा रंग तिच्या रिबिनीला लागला, आणि ती पोर रिबीन सगळ्यांना दाखवत फिरली.

निघताना मी संतोषला विचारलं, तू स्वतः का नाही सांगत सासूला? तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पोरकट काहीतरी विचारलंय.

“माँजी का सुनना पूरा नहीं हुआ,” ती म्हणाली. “मैं चली गई और पीछे से वो बोले, तो माँजी किसको बताएँगी?”

गाडीत वैशालीनं मला दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

विश्वकर्मा, गुरुवार

आता माझी भाची, दत्ताची लेक. तन्वी इंजिनिअरिंगला आहे. मराठी बोलते ती अशी, की दर तीन शब्दांनी तिला ‘मतलब’चा आधार लागतो. गुरुवारी संध्याकाळी ती मला न्यायला स्कूटरवर कारखान्यात आली तेव्हा शेड रिकामी झाली होती. तिला ढिगाच्या एका बाजूला दोन राखाडी रिसीव्हर दिसले, एका रिळावरच्या लांब वायरीनं एकमेकांना अजून जोडलेले.

“आत्या, हे वाले वेगळे आहेत. ह्यांना बॅटरी नाही लागत. मतलब, आपण बोललो की आवाजानेच आतला पडदा हलतो, त्याच्याने थोडा करंट बनतो, बस. दुसऱ्या टोकाला ऐकू येतं.”

“इतकी वर्षं धूळ खाऊन?”

ती एक रिसीव्हर घेऊन वजनकाट्याच्या खोलीत गेली. मी दुसरा कानाला धरून उभी. सहा वर्षं बर्फात असलेल्या माणसाचा आवाज यावा तसा एक बारीक, कोरडा, फार लांबचा आवाज माझ्या कानात म्हणाला, “आत्या, तुझा पदर लोळतोय.”

मी खाली बघितलं. लोळत होता. तन्वी वीस पावलांवर होती आणि आवाज वीस हजार पावलांवरचा.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याचं कारण बाटी नव्हतं. खोटं बोलायचं म्हटलं तर मला कधी तयारी लागत नाही. हे पहिलंच खोटं, जे मी पाठ करत होते.

विश्वकर्मा, शुक्रवार

मी कोणाला काही सांगितलं नाही. दत्ता दुपारी शहरात गेला होता. मी वायर पोत्यांखालनं वजनकाट्याच्या खोलीत नेली आणि दुसरा राखाडी रिसीव्हर भंवरीच्या टोपलीत वरच ठेवला. गावच्या नाटकात मी तीनदा पाटील झाले होते, त्यामुळं पुरुषी आवाज अंगवळणी पडलेला. वाक्यंही साधी, हिंदीतनं, कारण त्यांची बोली मला येत नाही आणि फौजी माणूस हिंदी बोलतोच. माँ, मैं हेमराज. मैं ठीक हूँ. संतोष को जाने दे. एवढंच. मग ती मोकळी, सून मोकळी, आणि मी परतीच्या गाडीत. पाप असलं तर माझ्या खात्याला आधीच इतकं आहे, की एकानं काय होणार.

जेवणाची सुट्टी झाली. बाकीचे बाहेर लिंबाखाली गेले. भंवरी नेहमीसारखी ढिगापाशीच बसून राहिली. वारा नव्हता. पत्रा तापून मधेच टणकन वाजे, तेवढाच आवाज. दार अर्धवट लोटून फटीतनं मी बघत होते. तिनं एक काळा रिसीव्हर ऐकला, फोडला. एक हिरवा ऐकला, फोडला. मग राखाडी उचलला.

मी माझा रिसीव्हर तोंडापाशी नेला. कानात तिच्या ओढणीची सळसळ आली. मी श्वास घेतला.

“हूँ,” भंवरी म्हणाली.

मी अजून तोंड उघडलं नव्हतं. मला वाटलं, सवयीचा हुंकार असेल. फोडण्याआधी एकदा म्हणते, तो. आता ती खाली ठेवेल, म्हणून मी घाईनं बोलायला गेले, तर ती ठेवेना. एक लांब वाक्य ऐकायला लागतो तेवढा वेळ गेला.

“हूँ.”

फटीतनं मला ती पाठमोरी दिसत होती. डोकं एका बाजूला झुकलेलं, मंगळवारी माझी गोष्ट ऐकताना होतं तसं. माझ्या कानात त्या दोन हुंकारांच्या मधे काहीही नव्हतं. घरघर नाही, श्वास नाही. तेजाबाच्या टाकीतल्या त्या पोकळ पिनेसारखं, आकार होता आणि आत काही नव्हतं.

“हूँ,” ती तिसऱ्यांदा म्हणाली. आणि मग अगदी रोजच्या आवाजात, “हाँ, खा लियो.”

जेवलीस का, असं कुणी विचारल्यावर आपण म्हणतो ना, तसं.

मी वाढवून सांगते हे सगळ्या विट्याला ठाऊक आहे. हे मी वाढवलेलं नाही. माझी वाचा गेली. ती परत आली तेव्हा पाटलाचा आवाज कुठं पळाला कुणास ठाऊक, मी माझ्याच चिरक्या आवाजात, सगळं एकात एक अडकवून, माँ मैं हेमराज संतोष को जाने दे, असं बोलून टाकलं आणि रिसीव्हर पोत्यावर टाकून दिला, जणू तो भाजला.

फटीतनं बघितलं. भंवरीनं राखाडी रिसीव्हर कानावरनं काढला, तोंडावरची धूळ ओढणीनं पुसली, रिसीव्हरचीही पुसली. मग हातोडा घेऊन फोडला. पिना काढल्या, तळहातावर तोलल्या, सोन्याच्या डब्यात टाकल्या. वायरीचं टोक मात्र तिनं उचलून बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी पुढं तिनं एकही नग हातात घेतला नाही. दत्ता आल्यावर त्याला म्हणाली, कल घर जाऊँगी, अब नहीं आऊँगी. दत्ता म्हणाला, अजून निम्मा ढीग आहे. ती म्हणाली, दुसरे सुन लेंगे.

विश्वकर्मा, शनिवार

शनिवारी तोवर फोडलेला माल गाळला. मी भट्टीपाशी उभी राहिले, कारण दुसरीकडं उभं राहवत नव्हतं. सोन्याची ती कात मग दुसऱ्या, सोन्यालाही खाणाऱ्या तेजाबात विरघळवतात, गाळतात आणि शेवटी भांड्याच्या तळाला बसते ती तपकिरीसारखी भुकटी. बघणाऱ्याला वाटेल, नाकात ओढायची. ती सुकवून, टाकणखार घालून मुशीत घातली की काही वेळानं तिच्यातनं एक डोळा उघडतो. पिवळा, ओला, थरथरणारा. गार होईपर्यंत तो आपल्याकडं बघत असतो.

दत्तानं बटणाएवढी लगड चिमट्यात धरून यंत्राखाली ठेवली. टंच चोख आला. यंत्र किती चोख ते सांगतं, कुणाचं किती ते सांगत नाही. दत्तानं मला ती हातात घ्यायला दिली. गरम होती की माझा हात गार, ठाऊक नाही. मी लगेच परत दिली.

बगरू, रविवार

रविवारी संतोषचा नाता झाला. बोलावणं स्वतः भंवरीनं फोन करून दिलं, वैशालीच्या मोबाइलवर. मांडव नाही, बँड नाही. एक नारळ, लाल चुनरी, गूळ, दहा-बारा माणसं. आपल्याकडं पाट उरकून घ्यायचे, इकडं गाणी म्हणतात एवढाच फरक. संतोषनं हात घासघासून धुतले होते तरी नखांच्या कडा काळ्या राहिल्या होत्या. त्या बांगड्या तिनं घातल्या होत्या. त्या माणसाची मुलगी आधीच तिच्या मांडीवर चढून बसली होती, रिबीन तीच, काळा डाग असलेली. निघताना संतोष सासूच्या गळ्यात पडून रडली, आणि भंवरी तिच्या पाठीवर हात फिरवत, जा, सांज पडण्याआधी जा, एवढंच म्हणत राहिली.

सगळे गेल्यावर ओसरीत भंवरी आणि मी. ती सांडलेले गुळाचे खडे एका ताटलीत वेचत होती. मला दुसऱ्या दिवशीची गाडी. मला वाटलं होतं, हे गुपित पोटात घेऊन जाईन आणि विट्याला जाऊन तिखटमीठ लावून सांगेन, की एका पोरीचं घर मी माझ्या आवाजावर वसवलं. पण त्या ‘खा लियो’नं दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. मी तिच्याजवळ बसले आणि कधी नव्हे ते सरळ बोलले. म्हटलं, भंवरीबाई, मला माफ करा. शुक्रवारी त्या टेलिफोनमध्ये मी बोलले. तुमचा मुलगा नव्हता तो. वजनकाट्याच्या खोलीतनं मी बोलले होते.

तिनं शेवटचा खडा ताटलीत टाकला आणि ताटली माझ्यापुढं सरकवली.

“आप तो बाद में बोल्या, बाईसा,” ती म्हणाली.